रीफ टँकमधले लाल फ्लॅटवर्म परत परत का येतात, आणि कुठला मासा खरंच कामाला येतो

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, वाळूवर आणि खडकावर गंज चढल्यासारखे लालसर ठिपके दिसतायत, औषध टाकलं की आठ दिवस सगळं स्वच्छ आणि मग दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच, असं तुमच्याकडे होत असेल तर हे तुमच्यासाठीच लिहितेय. माझ्याकडे हे तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळेला कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी दरवेळी वर्म मारत होते पण ते वाढतायत कशावर तिकडे बघतच नव्हते. त्यात दुकानात गेलं की "ताई, हा मासा सोडा, आठवड्यात सगळे वर्म साफ" असं ऐकायला मिळतं, आपणही थकलेलो असतो, मासा घेऊन येतो, आणि मग वर्मचा प्रॉब्लेम तसाच राहतो आणि वर माशांच्या भांडणाचा एक नवीन सुरू होतो.

आधी माझा सेटअप सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. पुण्यात फ्लॅटमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक, म्हणजे ढोबळमानाने १९० लिटर, खाली ५० लिटरच्या आसपास संप, म्हणजे फिल्टरची टाकी. सगळे सॉफ्ट कोरल: झोआ, मश्रूम, एक लेदर, ग्रीन स्टार पॉलिप आणि थोडं झेनिया. हार्ड कोरल नाहीत आणि ठेवणारही नाही, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये सगळे हार्ड कोरल आणि सी फॅन येतात, त्यामुळे कोणी "गुपचूप देतो" म्हणालं तरी घेऊ नका प्लीज. खडकसुद्धा माझा समुद्रातला नाही, सिरॅमिकचा आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण खूप जणांना वाटतं की वर्म फक्त लाइव्ह रॉकमधून, म्हणजे समुद्रातल्या जिवंत खडकातून येतात. माझे आले ते एका मश्रूमच्या फ्रॅगवर (कोरलच्या कापलेल्या तुकड्यावर) बसून, तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगच्या खालच्या बाजूला, आणि मी तो फ्रॅग पिशवीतून काढून तसाच टँकमध्ये लावला होता.

मारायच्या आधी ओळखा

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच निम्मे लोक चुकतात. टँकमध्ये दिसणारा प्रत्येक वर्म वाईट नसतो, उलट बहुतेक कामाचे असतात.

लाल फ्लॅटवर्म, ज्याला सगळे रेड प्लॅनेरिया म्हणतात, तो ३ ते ५ मिलिमीटरचा असतो, पुढून गोलसर आणि मागे तीन शेपट्यांसारखी टोकं. मी आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन काचेला नाक लावून बसले होते तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसला. गंजाच्या रंगाचा, कागदाच्या कपट्यासारखा पातळ, काचेवरून घसरत चाललेला, आणि मागच्या टोकाला एक बारीकशी फिकट कळी. ती कळी म्हणजेच पुढचं पिल्लू. याचं शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेमा, १९८८ साली त्याचं वर्णन झालं, आणि नावातला रेट्रोजेमा म्हणजे उलटी कळी, कारण पिल्लाचं डोकं आईच्या उलट दिशेला असतं. जोडीदार लागत नाही, अंडी घालायची वाट बघायला लागत नाही, एक जिवंत राहिला तरी महिन्याभरात परत गालिचा तयार. आणि हो, हे खऱ्या अर्थाने फ्लॅटवर्म नाहीतच, अकोएल नावाच्या वेगळ्याच गटातले आहेत, नाव मात्र तेच पडलंय.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांच्या अंगात शेवाळ असतं, झाडासारखं उन्हावर जगणारं, म्हणून ते उजेडात आणि जिथे पाणी फार हलत नाही अशा जागी गोळा होतात. शिवाय ते कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक जीव, थोडक्यात पॉड्स) पकडून खातात. म्हणजे उजेडही त्यांचं अन्न आणि तुमच्या टँकमधले पॉड्सही. हे लक्षात ठेवा, पुढे माशांच्या वेळी लागणार आहे.

आता बाकीचे. काचेवर पांढरट पारदर्शक बारीक चपटे दिसतात ते सोडून द्या, निरुपद्रवी आहेत. खडकाच्या फटीतून शेवयांसारखे लांब धागे पसरलेले दिसले तर तो स्पॅगेटी वर्म, वाळू साफ करतो, त्याला हात लावू नका. पंप आणि पाइपवर पांढरे गोल चक्रीसारखे ठिपके असतात तेही बिनधास्त राहू द्या. मश्रूमच्या किंवा लेदरच्या अंगावरच चिकटून बसलेले गोल तपकिरी चपटे मात्र त्रासदायक, कारण ते कोरलवर पांघरूण घातल्यासारखे पसरतात आणि कोरलला उजेड मिळत नाही. त्यांना डिपच लागतं, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून काढणं.

ब्रिसलवर्मबद्दल थोडं जास्त लिहिते कारण त्यांना उगाच मारलं जातं. रात्री अकरानंतर लाइट बंद झाल्यावर लाल उजेडाची बॅटरी घेऊन बघा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकले होते, खडकाच्या भोकातून गुलाबी-करड्या रंगाचं गांडूळ बाहेर आलं, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांच्या रांगा, आणि वाळूवर पडलेला पेलेट ओढत परत आत गेलं. पण हे उरलेलं अन्न आणि मेलेलं खाऊन टँक साफ ठेवतात, कोरलला काही करत नाहीत. ते खूप झाले असतील तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही खूप खायला घालताय. अटलांटिककडचा खरा फायरवर्म वेगळा, तो कोरल खातो, आपल्याकडच्या टँकमध्ये मी तरी कधी बघितला नाही. खडक हलवताना ग्लोव्ह्ज घाला एवढं पुरे. केस बोटात घुसले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग व्हिनेगर लावा, माझं बोट दोन दिवस ठणकत होतं म्हणून सांगतेय.

गोगलगाई किंवा मासे रातोरात गायब व्हायला लागले आणि फटीतून डोक्यावर पाच मिशा असलेला चमकदार वर्म डोकावला तर मात्र तो युनिसिड असू शकतो, त्यातलाच मोठा म्हणजे बॉबिट वर्म. इंग्लंडमध्ये न्यूकी इथल्या मत्स्यालयात २००९ साली कोरलचं नुकसान कोण करतंय ते शोधताना सगळा सेटअप उपसला तेव्हा चार फुटांचा असा वर्म निघाला होता, त्याचं नाव त्यांनी बॅरी ठेवलं. असा संशय आला तर औषध-बिषध नाही, तो खडकच बाहेर काढायचा.

औषध: माझं काय चुकलं आणि नंतर काय केलं

पहिल्या वेळी मी फ्लॅटवर्मसाठी मिळणारं रेडीमेड औषध आणलं आणि ऑफिसमधून आल्यावर संध्याकाळी सातला बाटलीवरचा डोस मोजून टाकला. दहा मिनिटांत वर्म वाळूवरून सुटून पाण्यात तरंगायला लागले, मला आनंद झाला, आणि विसाव्या मिनिटाला पाण्याला नारिंगी झाक आली, फायरफिश तळाला आडवा, दोन्ही क्लाऊन वर येऊन धापा टाकतायत. औषधाने ते मासे मारले नव्हते. हे वर्म मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात, आणि माझ्याकडे ते शेकड्यांनी होते. पाण्यातलं विष शोषणाऱ्या कार्बनची एक लहानशी पिशवी होती आणि बदलायला पाणी फक्त वीस लिटर तयार. फायरफिश त्या रात्री गेला, एक क्लाऊन सकाळी. ते दोघं माझ्याकडे सव्वा वर्ष होते, मला अजून वाईट वाटतं, आणि हे कोणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितेय.

औषधाच्या आधीचे आठ दिवस फक्त सायफन, म्हणजे नळीने ओढून काढणं. एअरपंपाची बारीक नळी घ्या, दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा म्हणजे पाणी वाया जात नाही आणि वर्म सॉकमध्ये अडकतात. लाइट लागून दोनेक तास झाले की ते उजेडाला वर येतात, तेव्हा ओढायचे. रोज वीस मिनिटं. सॉक बाहेर काढून गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग धुवायचा. आठ दिवसांनी वाळूचा रंग परत दिसायला लागला तेव्हाच मी औषधाला हात लावला.

औषधाचा दिवस सुट्टीचा आणि सकाळचा ठेवा, संध्याकाळी नको, कारण पुढचे पाच-सहा तास तुम्हाला टँकसमोर असायला लागतं. पुण्यात आमच्याकडे बऱ्याच गुरुवारी लाइट जाते, म्हणून गुरुवार तर नकोच, पंप बंद पडले तर संपलंच. एप्रिल-मेमध्येही शक्यतो टाळा, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. आदल्या रात्री निदान साठ-सत्तर लिटर मिठाचं पाणी बनवून ठेवा, तेच तापमान, तीच खारटपणाची पातळी, माझ्याकडे १.०२५. ताजा कार्बन भरपूर, धुऊन तयार. एअरस्टोन लावा. औषध टाकताना जुना कार्बन काढा, यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, पण वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) चालू. डोस काढताना टँकच्या मापाचं पाणी धरू नका, खडक आणि वाळू वजा करा आणि संप मिळवा, माझ्या हिशोबात १९० चे १५० झाले आणि संपमधलं पाणी धरून १९० च्या जवळ परत आले, तुमचं वेगळं येईल.

वर्म सुटायला लागले की परत नळी हातात घ्यायची आणि तरंगणारे ओढत राहायचे, अर्धा तास हेच काम. मग कार्बन लावायचा, पाणी बदलायचं, स्किमर सुरू. मासे जोरात श्वास घ्यायला लागले तर अर्ध्या तासाची वाट न बघता लगेच कार्बन आणि पाणी.

आणि इथे सगळ्यात मोठी चूक, जी मी दोनदा केली: एका डोसवर थांबले. संपच्या कोपऱ्यात, ओव्हरफ्लोच्या पेटीत (जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं), पाइपच्या आतल्या बाजूला, वाळूच्या खाली काही उरतातच, आणि वर लिहिलंय तसं एकाला जोडीदार लागत नाही. आठ-दहा दिवसांनी दुसरा डोस द्या, एकही दिसत नसला तरी द्या, आणि त्यानंतर तेवढ्याच अंतराने तिसरा. दुसऱ्या डोसला मला "एकही नाही" वाटलेल्या टँकमधून अकरा निघाले, ओव्हरफ्लोमधून.

कोणीतरी तुम्हाला गुरांचं किंवा कुत्र्याचं जंताचं औषध सुचवेल. लेव्हामिसोल जनावरांच्या औषधात मिळतं हे खरंय, पण त्यात बाकी काय मिसळलंय आणि तुमच्या टँकला किती लागेल हा हिशोब घरी जमणारा नाही. फेनबेंडाझोल तर सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये अजिबात नको, झेनिया, मश्रूम, स्टार पॉलिप, गोगलगाई सगळ्यांना भारी पडतं, ब्रिसलवर्म एकदम मरून अमोनिया वाढतो तो वेगळाच, आणि ते औषध खडकात मुरतं.

एक सूचना जीवाची आहे म्हणून वेगळी लिहिते. वैतागून खडक बाहेर काढून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, असं कोणी सांगितलं तर करू नका. झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं, वाफेतून ते श्वासात जातं आणि घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायला लागलंय अशी उदाहरणं परदेशात झालेली आहेत. झोआ असलेला खडक घासणं, खरवडणं, उकळणं काहीच नको. झोआ कापताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा, लहान मुलं लांब.

मग परत का येत होते

औषध देऊनही तिसऱ्यांदा आले तेव्हा मी वहीत लिहायला सुरुवात केली. समोरच्या काचेवर खाली उजवीकडे वीतभर जागा ठरवली आणि रोज रात्री साडेनऊला तिथले वर्म मोजायचे, शेजारी त्या दिवशी काय खायला घातलं ते. महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. ज्या आठवड्यात आईने दुपारी "उपाशी दिसतायत" म्हणून फ्रोजन खाण्याचा एक जास्तीचा क्यूब टाकला त्याच्या पुढच्या आठवड्यात आकडा दुप्पट. मी स्वतः रोज दोन फ्रोजन क्यूब टाकत होते, दोन क्लाऊन आणि एक गोबी एवढ्यांसाठी, आणि क्यूब वितळलेल्या पाण्यासकट. त्या पाण्यातलं सगळं वाळूत बसतं, त्यावर पॉड्स वाढतात, पॉड्सवर फ्लॅटवर्म. नायट्रेट (उरलेल्या अन्नातून पाण्यात साठणारं) तेव्हा ४० होतं.

मग एवढंच केलं: क्यूब चहाच्या जुन्या गाळणीत ठेवून आरओच्या पाण्याने धुवायचा आणि अर्धाच टाकायचा. आईला मी आठवड्याची छोटी डबी करून दिली, वाराप्रमाणे, त्यात आहे तेवढंच. दर रविवारी वीस लिटर पाणी बदलताना वाळूच्या वरच्या थरावरून नळी फिरवायची. आणि वेव्हमेकरची जागा बदलली. आधी दोन्ही पुढे तोंड करून होते, त्यामुळे खडकाच्या मागे डावीकडे पाणी साचल्यासारखं उभं राहायचं आणि सगळ्यात दाट गालिचा नेमका तिथेच असायचा. एक पंप मागच्या काचेवर खाली लावला, पाच दिवसांत तो कोपरा रिकामा. तुमच्याकडे अशी जागा शोधायची असेल तर धुतलेल्या क्यूबचे दोन-चार कण पाण्यात सोडा आणि ते जिथे जाऊन बसतात ती जागा बघा.

अडीच महिन्यांत नायट्रेट १० वर आलं आणि वीतभर जागेतला आकडा सत्तरवरून सात-आठवर, हे औषधाच्या एका थेंबाशिवाय. तिसऱ्या वेळी औषध दिलं ते या आकड्यावर दिलं, मासा एकही दगावला नाही.

आता मासे

मासा हे औषध नाही, राखणदार आहे. हजार वर्म असलेल्या टँकमध्ये मासा सोडून काहीही होत नाही, तो चार खाईल, त्याला चव आवडणार नाही कारण हे वर्म विषारी असतात, आणि तो तुमच्या हातच्या क्यूबकडे वळेल. पण सात-आठ उरलेले असताना दिवसभर खडक टोचत फिरणारा मासा असला तर आकडा वर जात नाही. शिवाय एकाच जातीतला एक मासा खातो आणि दुसरा ढुंकून बघत नाही, त्यामुळे खात्री कोणीच देऊ शकत नाही, दुकानदारही नाही.

सगळ्यात जास्त सुचवला जातो तो सिक्सलाइन रास (रास हा माशांचा एक गट). आकाराने लहान, दिसायला फार सुंदर, आणि खरंच फटी-फटीतून टोचत फिरतो. पण स्वभाव. माझ्या मावसभावाने नाशिकला त्याच्या अडीच फुटी टँकमध्ये सगळ्यात आधी सिक्सलाइन सोडला, तीन महिन्यांनी फायरफिश आणला. फायरफिशला बाहेर यायलाच देईना, खायला आला की धावून जायचा. पाचव्या दिवशी सकाळी मला फोन, "ताई, तो फरशीवर पडलाय". मग तो सिक्सलाइन पकडायला त्याला अख्खा खडक बाहेर काढायला लागला. घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या, तुमचे बाकीचे मासे धीट असतील तरच घ्या, आणि फायरफिश, लहान गोबी, दुसरे छोटे रास असतील तर विसरा.

मी घेतला तो यलो कोरिस. पिवळाधमक, पाठीच्या परावर काळे ठिपके, दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जातो, स्वभावाने शांत. त्याच्या दोन अटी आहेत आणि त्या पाळता येत नसतील तर आणू नका. एक, तो वाळूत झोपतो, त्यामुळे निदान दोन इंच बारीक वाळू लागते, उघड्या काचेच्या तळाच्या टँकमध्ये तो घाबरूनच मरेल. दोन, उडी मारतो, जाळीचं झाकण लागतंच. माझा आणला त्या दिवशी पाण्यात सोडला आणि दोन सेकंदांत वाळूत शिरला तो चार दिवस दिसलाच नाही. मला वाटलं गेला. कृपा करून अशा वेळी वाळू उकरू नका. पाचव्या दिवशी सकाळी फक्त डोकं बाहेर काढून एका डोळ्याने बघत होता, दुपारी बाहेर आला आणि पहिला घास घेतला तो खडकावरून. आता सकाळी लाइट लागल्यावर वीस मिनिटांनी वर येतो आणि संध्याकाळी लाइट जायच्या आधीच त्याच कोपऱ्यात जाऊन झोपतो, दिवसभर मान वाकडी करून, एक डोळा खडकाला लावून, टोचत फिरणं चालू. लाल वर्म खाताना मी त्याला तीनदाच बघितलंय, पण आकडा सांगतोय की खातो.

मेलानुरस रास पण चांगला, त्यालाही वाळू आणि झाकण हवंच, फक्त तो थोडा मोठा होतो आणि बारीक कोळंबी, लहान गोगलगाई, फेदर डस्टर हे त्याचं जेवण आहे. सेक्सी श्रिंप ठेवायची असेल तर मेलानुरस नको.

दुकानात नुसतं "रास" म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा मून रास असतो, लहान असताना हिरवा-निळा फार गोड दिसतो. तो पंचवीस सेंटिमीटरपर्यंत सहज वाढतो आणि कोळंबी, गोगलगाई, छोटे मासे सगळ्यांचा फडशा पाडतो. घेण्याआधी फोटो काढून जात नक्की करा. क्लीनर रास तर वर्मसाठी आणूच नका, तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, लहान टँकमध्ये उपासमारीने मरतो.

मॅन्डरिनबद्दल मला कळकळीने सांगायचंय. हा मासा फ्लॅटवर्म खातो म्हणून विकला जातो, कधी खातोही, पण त्याचं खरं अन्न पॉड्स, आणि ते त्याला दिवसभर लागतात. तुमच्या टँकमध्ये फ्लॅटवर्म झालेत म्हणजे पॉड्स आधीच ते खातायत, त्यात रास असेल तर तोही तेच खाणार, मग मॅन्डरिनला उरतं काय? पोट आत गेलेलं, बाजूने बघितलं तर पाठीखाली खळगा पडलेला मॅन्डरिन मी दोन जणांकडे बघितलाय आणि ते बघवत नाही. पावणेतीनशे लिटरच्या वरचा, वर्षभर मुरलेला, संपमध्ये पॉड्सची सोय असलेला टँक असेल आणि रास नसेल तरच त्याचा विचार करा.

ब्लू व्हेल्वेट नावाची एक समुद्री गोगलगाय फक्त हेच वर्म खाते, कामाला पक्की आहे, पण वर्म संपले की उपाशी मरते आणि त्याआधी पंपात सापडायची भीती. एक जीव महिनाभरासाठी वापरून टाकायचा हे मला पटत नाही म्हणून मी घेतली नाही.

ब्रिसलवर्म खरंच फार झाले असतील तर कोरल बँडेड श्रिंप खातो, पण तो दुसऱ्या कोळंब्यांना राहू देत नाही आणि रात्री झोपलेला छोटा मासा पकडू शकतो. अॅरो क्रॅबचंही तसंच. त्यापेक्षा जाड स्ट्रॉच्या तुकड्यात कोळंबीचा बारीक कण घालून रात्री खडकाशी ठेवा, सकाळी आत अडकलेले काढा, आणि खाणं कमी करा.

कोण कोणाबरोबर, तर माझ्याएवढ्या टँकला सध्या एक ऑसेलारिस क्लाऊनची जोडी, एक वॉचमन गोबी, एक नवा फायरफिश आणि एक यलो कोरिस. सोडायचा क्रम: सगळ्यात भित्रा आधी, म्हणजे फायरफिश, मग गोबी, मग क्लाऊन, आणि रास शेवटी. माझ्याकडे क्लाऊन जुने होते म्हणून फायरफिश आणायच्या दिवशी मी खडकांची मांडणी थोडी हलवली आणि पहिले दोन दिवस त्याला जाळीच्या पेटीत आत ठेवला, भांडण झालं नाही.

नवे वर्म आत यायचं दार बंद करायचं राहिलं असेल तर हे सगळं फुकट. माझ्याकडे आता चाळीस लिटरचा साधा टब आहे, हीटर, छोटा पंप, स्वस्तातला लाइट. प्रत्येक फ्रॅग आधी प्लगवरून सोडवायचा, प्लग टाकून द्यायचा, मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे आयोडीनच्या डिपमध्ये ठेवून ड्रॉपरने पाण्याचे फवारे मारायचे, खाली पांढरी वाटी ठेवायची म्हणजे काय गळलं ते दिसतं. त्यानंतर टबमध्ये सहा आठवडे, आणि दर आठवड्याला भिंगातून तपासणी. डिपमध्ये वर्म सुटतात पण एखादा फटीत राहतो, म्हणून टब. मित्रमैत्रिणींनी प्रेमाने दिलेला फ्रॅग असला तरी हाच नियम, मला तर लाल वर्म अशाच एका भेटीतून मिळाले.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने हिरव्या झोआचे सहा पॉलिप दिले, डिप केलं तेव्हा वाटीत काही नव्हतं, नवव्या दिवशी भिंगातून बघताना देठाच्या बुडाशी एक गंजाचा ठिपका हलला. परत डिप केलं, टबचं सगळं पाणी बदललं, आणि सहा आठवडे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला घेतलेत. आज सतरावा दिवस.